हाताला काम दिलं, आता हाताला हुन्नर द्या

२०२४ साली महाराष्ट्र पोलिसांत १७,४७१ जागा निघाल्या आणि अर्ज आले सतरा लाखांहून जास्त. आदल्या वर्षी तलाठ्याच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर पोरापोरींनी फॉर्म भरले. पहाटे मैदानावर धावणारी आणि रात्री अभ्यासिकेत डोळे चोळत बसणारी ही मुलं आळशी आहेत, असं म्हणायची कुणाची छाती आहे? त्यांच्या अंगात जिद्द आहे. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन धाडलेले पैसे खिशात आहेत. पण समोर एकच दार उघडं दिसतंय, आणि त्यातून शंभरातला एखादाच आत जातो. उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय करायचं, हे शासनाने सांगितलेलं नाही. आपणही ते कधी ठणकावून विचारलेलं नाही.

आता शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्याला विचारा, भोसरीच्या किंवा नाशकातल्या अंबडच्या वर्कशॉपवाल्याला विचारा. ऑर्डर आहे, मशीन आहे, पण सीएनसीवर हात बसलेला ऑपरेटर मिळत नाही, हेच गाऱ्हाणं कानावर येईल. शिवारात सौर पंप उभे राहिले, घरांच्या छपरांवर पॅनेल चढायला लागली, पण बिघाड झाला की जाणता माणूस तालुकाभर शोधावा लागतो. रुग्णालयात खाटा आहेत आणि परिचारिका कमी. कामं पडून आहेत, माणसं बसून आहेत. या दोहोंच्या मधे जे शिकणं लागतं त्याचा खर्च कोणी सोसायचा, तिथे सगळं घोडं अडलंय.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हा खर्च सरकारी तिजोरीतून झाला पाहिजे, आणि तो मेहरबानी म्हणून नव्हे, हक्क म्हणून. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या ज्या मुलाला, ज्या मुलीला मागणी असलेला एखादा धंदा अंगी बाणवायचा आहे, त्याने-तिने अर्ज करावा आणि ठरलेल्या दिवसांत विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारीची जागा मिळावी.

असला हक्क कुठे असतो का, असं विचारणाऱ्याला मी महाराष्ट्राचाच इतिहास वाचायला सांगेन. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा तीच कल्पना राज्यभर कामाला आली. खडी फोडायला, नालाबांध घालायला लाखो माणसं उतरली आणि घरातल्या चुली पेटत्या राहिल्या. १९७७ साली कायदा झाला: मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता. देशाने ही गोष्ट कायद्यात आणली ती २००५ साली, आपल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी.

आणि पैसा कुठून आला? शहरातल्या पगारदाराकडून. १९७५ साली व्यवसाय कर बसवला तो याच कामासाठी. आजही तुमच्या पगाराच्या पावतीवर ‘पीटी’ची ती ओळ असते: दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. मुंबईतला कारकून, पुण्यातला इंजिनिअर, नागपुरातला प्राध्यापक यांनी हा पैसा भरला आणि बीड-सोलापूरच्या बांधावरच्या माणसाला मजुरी मिळाली. याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा, आणि त्या अभिमानाला आता पुढचं काम द्यायला हवं.

हिशेब करू. २०१९च्या नियमांनी आयटीआय झालेल्या शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिना ७,००० ठरवलं, म्हणजे वर्षाला ८४,०००. चौतीस पगारदारांच्या वर्षाच्या व्यवसाय करात एका मुलाचं किंवा मुलीचं वर्षभराचं विद्यावेतन निघतं. एक लाख मुलांचे होतात ८४० कोटी. महाराष्ट्राएवढ्या राज्याला हा आकडा डोईजड आहे, हे मला कुणी पटवून द्यावं.

मालकांनीच का नाही करायचा हा खर्च, असं काही जण म्हणतील. मोठ्या कारखान्यांनी केलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नको. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१चा आहे. तीस किंवा जास्त माणसं कामावर असतील, तर त्यांच्या संख्येच्या किमान अडीच टक्के आणि कमाल पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. दोनशे कामगारांच्या कारखान्यात किमान पाच जण दिसायला हवेत. ते दिसतात का, हे मोजायला कोण जातं? पण आपल्याकडचं खरं शिक्षण होतं ते पाच-दहा माणसांच्या वर्कशॉपात, आणि तिथे कायद्याची सक्ती नाही. त्या मालकाची अडचणही खरी आहे. पोरगं दोन वर्षं शिकवायचं, त्याने बिघडवलेला माल सोसायचा, आणि हात बसला की शेजारचा बडा कारखाना दोन हजार जास्त देऊन त्याला उचलून नेणार. ज्याचा फायदा सगळ्या वसाहतीला होतो, त्याचा भार एकट्या छोट्या मालकाच्या खांद्यावर टाकला की तो शिकवणंच बंद करतो. म्हणून तिथे सार्वजनिक पैसा हवा. केंद्राची योजना २०१६ पासून आहे, पण ती विद्यावेतनाचा चौथा हिस्सा देते, तोही महिना जास्तीत जास्त १,५०० रुपये. छोट्या मालकाला एवढ्याने धीर येत नाही.

शिकणं म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घेऊ, नाहीतर पैसा जाईल आणि हाती काही लागणार नाही. जोडारीच्या वर्गात नव्या मुलाला पहिल्यांदा लोखंडाचा एक तुकडा आणि कानस मिळते. वाइसमध्ये धरून घासायचं. बाजू सपाट झाली असं वाटलं की गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली की पुन्हा घासायचं. मुलगा दमतो, चिडतो, हाताला फोड येतात. मग एके दिवशी ती रेघ दिसत नाही, आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय हे त्याच्या मनगटाला कळतं. हे व्हिडिओ पाहून येत नाही, तीन दिवसांच्या शिबिराच्या प्रमाणपत्राने तर नाहीच नाही. त्याला शेजारी उभा राहून चूक दाखवणारा वस्ताद लागतो, चालती मशीन लागते आणि वेळ लागतो.

जर्मनीने हेच कायद्यात बांधून घेतलं. तिथला १९६९चा व्यवसाय प्रशिक्षण कायदा बघा. मुलगा आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत, बाकीचे कारखान्यात, हातात करार आणि पगार. २०२४ साली आपल्या सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला. परक्याला पुरवायची माणसं आपण घडवणार असू, तर आधी घरात त्यांना घडवायची सोय उभी करा.

आपण काय केलं? आयटीआयच्या मुलांचं विद्यावेतन चाळीस वर्षं महिना ४० रुपये ठेवलं. ते ५०० झालं २०२३ साली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये दिले. पैसा देण्याची दानत दिसली, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण सरकारी कचेरीत फायली लावून कोणता हुन्नर अंगी येतो? सहा महिने, मग वाढवून अकरा महिने, आणि मुदत संपल्यावर हीच मुलं ‘आता पुढे काय’ म्हणत आंदोलनाला बसली. त्यांचा राग रास्त आहे. २० मार्च २०१८ला ऐन गर्दीच्या वेळी माटुंगा-दादरच्या मधे रेल्वेचे शिकाऊ उमेदवार रुळांवर बसले होते, तेही याच पोटतिडकीने. सरकारी पैशाने, सरकारी कारखान्यात शिकलेला फिटर दारात उभा असताना त्याला परका ठरवणं हा जनतेच्या पैशाचा अपमान आहे. एसटी, महावितरण, जिल्हा रुग्णालयं, नगरपालिकांचा पाणीपुरवठा यांनी मुलं शिकवावीत, आणि रिकामी पदं भरताना त्यांचा विचार पहिला करावा.

म्हणून उठा! आई-बापांनो, ‘आयटीआय म्हणजे नापासांची जागा’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. मुलगी वेल्डिंग शिकते म्हणाली तर तिला अडवू नका, उलट महिलांची वसतिगृहं मागा. मुलांनो, भरतीचा अभ्यास खुशाल करा, पण उमेदवारीच्या जागेसाठीही तेवढ्याच संख्येने रस्त्यावर या. कारखानदारांनो, माणूस मिळत नाही अशी तक्रार करण्याआधी तुमच्याकडे किती शिकाऊ उमेदवार आहेत हा आकडा फाटकावर लावा. कामगार संघटनांनो, शिकाऊ मुलांकडून कायम कामगाराचं काम फुकटात करून घेतलं जातं का, यावर डोळा ठेवा, आणि त्यांना आपल्या सभेत बसवा. पगारदारांनो, आमदाराला विचारा, माझा व्यवसाय कर कुणाचे हात घडवतो?

आणि गावकऱ्यांनो, १ मेच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा: ‘आमच्या गावातल्या अठरा वर्षांवरील प्रत्येक इच्छुक मुलामुलीला मागणी असलेल्या व्यवसायात, पूर्ण विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारीची हमी देणारा कायदा राज्याने करावा.’ हात वर करून तो मंजूर करा, सरपंचाची सही घ्या, इच्छुकांच्या नावांची यादी जोडा आणि जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर नेऊन पोच घ्या.