आधी वजन करा

खोकल्यासाठी आणलेलं दहा महिन्यांचं बाळ औषध घेऊन परत जातं. त्याला वजनकाट्यावर मात्र कुणी ठेवतच नाही. ‘आमच्याकडे सगळेच बारीक,’ असं आजी म्हणते आणि विषय तिथेच संपतो.

जन्माचं वजन पाचव्या महिन्यापर्यंत साधारण दुप्पट, वर्षात तिप्पट व्हायला हवं. एका नोंदीपेक्षा आलेखाची सपाट होत गेलेली रेघ अधिक बोलकी असते. रेघ सपाट होण्याचं कारण बहुतेकदा वाटीतच सापडतं: डाळीचं वरवरचं पाणी. त्याऐवजी द्यायला सांगा घट्ट वरणभात, त्यावर चमचाभर तूप, दिवसातून चार वेळा. पुष्कळदा एवढ्यानंही रेघ वर वळते. नाही वळली, तर क्षयरोग, हृदयविकार यांचा शोध घ्यायलाच हवा. सहा महिन्यांवरील बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

डॉक्टरहो, प्रत्येक भेटीत बाळाचं वजन करा.