प्रवासातील बैठक

पेढीवरील गादीला मागे लोड असे. वही लिहिताना वाकलेली पाठ अधूनमधून त्यावर टेके, मांडी बदलली जाई, गिऱ्हाईक आले की उठणेही घडे. छत्रपती संभाजीनगरचा व्यापारी आता समृद्धी महामार्गाने नागपूर वा मुंबई गाठतो. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. जुन्या रस्त्यावर खड्डे आणि चहाच्या टपऱ्या शरीराला हलवीत असत. येथे ते निमित्तही उरले नाही. त्यात सूर्यास्तापूर्वी भोजनास घर गाठण्याची घाई, म्हणून तीन-तीन तास गाडी थांबत नाही.

कंबर दुखू लागली की दोष आसनाला दिला जातो आणि त्यावर मऊ उशी येते. उशीत शरीर रुतते, कंबरेचा स्वाभाविक बाक सपाट होतो आणि मणक्यांमधील चकत्यांवर दाब वाढतो. त्यापेक्षा पंचाची गुंडाळी कंबरेमागे ठेवावी, पाठ काटकोनाहून किंचित मागे कलती असावी. मागच्या खिशातील जाड पाकीट तर प्रथम काढावे. त्याने कंबर एका अंगाला झुकते व पायाकडे जाणारी नस दबते.

आसन कितीही उत्तम असो, दर दोन तासांनी विश्रांतीस्थळी उतरून चालणे टळत नाही. पाय फार वेळ निश्चल राहिल्यास पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. वृद्धांना आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांना हा धोका अधिक. मागे बसलेली आजी संकोचाने ‘थांबवा’ म्हणत नाही, तिला चालवणाऱ्यानेच विचारावे. भोजनाची वेळ साधायची असेल, तर घरूनच अर्धा तास आधी निघावे.