तेल कमी करा, पण कोणी?

भद्रावतीच्या बाजारात दोन गिऱ्हाईके हमखास दिसतात. एक म्हणजे ड्युटी संपवून भजे-समोशांच्या कढईसमोर थांबलेला खाणीतला किंवा ऑर्डनन्स फॅक्टरीतला नोकरदार. दुसरी म्हणजे आसपासच्या खेड्यातून आलेली, पाव किलो तेल घेऊन ते आठवडाभर पुरवणारी मजूर बाई. सध्या दोघांच्याही कानावर एकच सल्ला पडतो : तेल कमी खा. पंतप्रधानांनी फेब्रुवारी 2025 मध्ये ‘मन की बात’मधून खाद्यतेलाचा वापर 10 टक्क्यांनी घटवण्याचे आवाहन केले. वाढता लठ्ठपणा, मधुमेह आणि हृदयरोग पाहता ते योग्यच होते. मात्र या दोघांची ताटे सारखी नाहीत, आणि सरसकट सल्ल्याचा फटका नेमका ज्या ताटात आधीच कमी आहे त्याला बसतो.

हाडांचा विषय निघाला की दूध आणि कॅल्शियम आठवते. तेल-तुपाचे नाव कोणी घेत नाही. वास्तविक अन्नातले कॅल्शियम आतड्यातून नीट शोषले जाण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते. ते कातडीत उन्हामुळे तयार होते आणि त्याचा कच्चा माल कोलेस्टेरॉलच्या कुळातलाच एक पदार्थ असतो. अन्नातून मिळणारे ‘ड’ जीवनसत्त्व स्निग्धात विरघळते. अ, ई आणि के या जीवनसत्त्वांचेही तसेच. हाडांच्या बांधणीतल्या एका प्रथिनाला ‘के’ जीवनसत्त्व लागते आणि ते पालेभाज्यांतून मिळते. पण भाजी नुसती पाण्यात शिजवून खाल्ली तर ही जीवनसत्त्वे पुरेशी अंगी लागत नाहीत. चमचाभर तेलाची फोडणी ही चवीपुरती चैन नाही, ती पोषणाचा भाग आहे.

लहान मुलांच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचे. एक ग्रॅम तेलातून 9 कॅलरी मिळतात, तेवढ्याच भातातल्या पिष्टातून 4. मुलाचे पोट लहान असते. नुसता भात आणि पातळ वरण खाऊन ते भरते, पण वाढीला लागणारी ऊर्जा त्यातून मिळत नाही. आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा स्निग्धातून येते. दूध सुटल्यावर त्याच मुलाला बिनतेलाची खिचडी देणे म्हणजे वाढीच्या वयातच हात आखडता घेणे. गरोदर व स्तनदा मातांनाही हेच लागू होते.

नोकरदाराच्या कढईचा हिशेब वेगळा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनात 2000 कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला सुमारे 27 ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याकाठी हे साडेतीन लिटरच्या आसपास जाते. त्याहून जास्त तेल खाल्ल्याने हाडे अधिक बळकट होत नाहीत, पोट मात्र सुटते. पुन्हा पुन्हा तापवलेले तेल त्याहून वाईट. तळणाच्या तेलात बिघडलेल्या घटकांचे प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेले की ते वापरू नये, हा नियम 2018 पासून आहे. तेला-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे. नियम कागदावर चांगले आहेत. रस्त्यावरच्या कढईपर्यंत तपासणी पोहोचली तरच त्यांचा उपयोग.

कोणते तेल, हा प्रश्नही तितकाच मोठा. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते आणि त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा. पूर्व विदर्भात मात्र उभ्या धानाच्या बांधीत जवस फेकून पेरण्याची जुनी रीत आहे. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-3 गटातले आम्ल असते; इतके शेंगदाणा, सोयाबीन किंवा पामतेलात नसते. शरीर त्याचा थोडाच भाग माशांतल्या प्रकारच्या ओमेगा-3 मध्ये बदलू शकते, म्हणून जवसाला रामबाण म्हणू नये. पण भाजल्या जवसाची चटणी आणि भाकरीवर कच्च्या तेलाची धार ही स्वस्त आणि शहाणी सवय होती. हे तेल तापवल्यावर लवकर बिघडते, म्हणून ते तळणाला वापरू नये. मामा तलावांतले काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे कॅल्शियम आणि चांगले स्निग्ध, दोन्ही देतात.

तेव्हा आरोग्य यंत्रणेने एका वाक्याऐवजी दोन वाक्ये बोलावीत. कमरेचा घेर वाढलेल्यांना सांगावे : तेल मोजून घ्या, तळण कमी करा. अंगणवाडीत आणि अमृत आहार योजनेच्या ताटात मात्र तेल, शेंगदाणा लाडू आणि अंडे यांना कात्री लागू देऊ नये. या स्वयंपाकाला ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्व मिसळलेले तेलच जावे. चंद्रपूर-गडचिरोलीचा जवस स्थानिक घाण्यांतून, चटणीच्या रूपाने याच ताटात आणता आला, तर शेतकऱ्यालाही गिऱ्हाईक मिळेल.

तेलाने सगळे सुटेल असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि त्याने हाडे बिघडतात. त्यावर स्वच्छ पाणी हाच उपाय. चमचाभर तेल तिथे कामाचे नाही. पण जे चमचाभर तेलाने होऊ शकते, ते तरी अडू नये. बाजारातून पाव किलो तेल घेऊन घरी निघालेल्या बाईला ‘कमी कर’ म्हणण्याआधी तिच्या घरात खाणारी तोंडे किती, एवढे विचारायला हवे.