दहा बाय दहाची खोली आणि ईक्यूचा बाजार

खान्देशात अहिराणी गाणी आता घरच्या खोलीतच तयार होतात. ‘केसावर फुगे’ रील्समधून महाराष्ट्रभर वाजलं, तेव्हा आपल्या गाण्याला मुंबईचा शिक्का लागत नाही हे सगळ्यांनी पाहिलं. तरी मिक्सिंगचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: ईक्यू कोणता वापरतोस? आणि निकालही ठरलेला: सॉफ्टवेअरसोबत आलेल्या ईक्यूवर ‘प्रोफेशनल साउंड’ निघत नाही, मोठ्या स्टुडिओतलाच हवा. हे मत चुकीचं आहे. त्यापायी पोरांचे पैसे जातात आणि गाणी बिघडतात, म्हणून ते खोडून काढायलाच हवं.

जॉर्ज मॅसनबर्ग यांनी 1972 मध्ये पॅरामेट्रिक ईक्यू मांडला. कोणती फ्रिक्वेन्सी, किती डेसिबल, किती रुंद, एवढ्या तीन गोष्टी हातात आल्या. आजचे सगळे स्वच्छ डिजिटल ईक्यू हेच काम करतात. शंका असेल त्याने घरीच तपासावं. गायकाचा ट्रॅक दोनदा घ्या. एकावर रीपरमधला रीईक्यू लावा, दुसऱ्यावर फॅबफिल्टर प्रो-क्यूची चाचणी आवृत्ती. दोन्हीकडे 3 किलोहर्ट्झला 4 डेसिबल वाढवा. रुंदीचं माप प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने लिहिते, तेव्हा आकडा सोडा, पडद्यावरची रेघ जुळवा. मग एका ट्रॅकची फेज उलटी करा. रेघ बरोबर जुळली असेल तर दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. अगदी वरच्या पट्टीत काही ईक्यूंची रेघ आखडते, तेवढा फरक राहतो. त्या फरकावर कुणाचं गाणं चाललं किंवा पडलं, असं मला तरी दिसलेलं नाही.

‘पण कानाला फरक कळतो ना!’ कळतो, आणि बहुतेक वेळा तो आवाजाच्या पातळीचा असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं की आवाज वाढला की खर्ज कानाला जास्त भरतो. नवा प्रीसेट एखादा डेसिबल मोठा वाजला तरी तो ‘भारी’ वाटतो. आउटपुट गेन आधीइतकाच करा आणि मग ऐका. पुष्कळसा भारीपणा तिथेच गळतो. 1951 च्या पल्टेकसारख्या जुन्या यंत्रांच्या नकला निराळ्या, त्या मुद्दाम रंग चढवतात. रंग हवा असेल तर खुशाल घ्यावा. दुरुस्तीसाठी त्यांची गरज नाही.

खरा घोळ खोलीत आहे. देवपुरात काय किंवा पिंप्राळ्यात काय, घरातली खोली बहुधा दहा बाय दहा. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला, तर दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये पहिली घुमणारी लहर 56 हर्ट्झच्या आसपास येते. लांबी-रुंदी सारखीच, म्हणून दोन्ही बाजूंच्या लहरी त्याच जागी. या लहरीचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि बरोबर मधोमध जवळजवळ शून्य. आपला माणूस खुर्ची टाकतो ती मधोमध! त्याला ढोलाचा खर्ज लागतच नाही, म्हणून तो 60 हर्ट्झला सहा डेसिबल चढवतो. मग तेच गाणं हळदीच्या डीजेवर वाजलं की खर्ज गडगडतो आणि शब्द बुडतात. प्लगइन कितीही महाग असो, त्याला तुमची खुर्ची कुठे आहे ते कळत नाही. समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर बसून पाहा. मग कापसाच्या गाद्या उभ्या करून कोपरे आणि बाजूच्या भिंती भरा. 56 हर्ट्झ त्यांना दाद देणार नाही, मात्र मधल्या पट्टीचा घुमारा चांगलाच उतरेल. आपल्याकडे कापूस पिकतो, गाद्या भरणारे गल्लोगल्ली आहेत.

कूलरचंही तसंच. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो, गायक कूलर बंद करू देत नाही. त्याची घरघर सगळ्या पट्टीत पसरलेली असते, गळ्याचा आवाजही तिथेच. एक कापायला गेलं की दुसरं कापलं जातं. त्यापेक्षा पहाटे रेकॉर्डिंग करावं.

आता ईक्यूने काय करायचं ते. अहिराणीत क्रियापद ‘स’वर संपतं: करस, जास, येस. ओळीच्या शेवटी हा ‘स’ येतच राहतो. परदेशी गळ्यांसाठी बांधलेला ‘व्होकल’ प्रीसेट 5 ते 8 किलोहर्ट्झ एक तर चढवतो किंवा सरसकट दाबतो. चढवला तर ‘स’ कानात टोचतो, दाबला तर ‘करस’चं ‘कर’ होतं आणि बोलीच बोथट होते. इथे हवा डायनॅमिक ईक्यू, जो टोचेल तेव्हाच, तेवढ्यापुरताच दाबतो. तो विकतच घ्यावा लागतो हाही गैरसमज. टोकियो डॉनचा नोव्हा फुकट आहे, त्यात असे चार बँड आहेत. कानबाईच्या गाण्यात बायांचा घोळका एकत्र गातो, टाळ्या असतात. तिथे 250 ते 400 हर्ट्झचा गढूळपणा दोन-तीन डेसिबल उतरवला की एकेक गळा सुटा होतो. हे रीईक्यूवर होतं.

महागड्या ईक्यूत काहीच नाही असं मी म्हणत नाही. पडदा सुटसुटीत असतो, हात भरभर चालतो, आणि रोज चार गाणी मिक्स करणाऱ्याचे पैसे वसूल होतात. त्याने पावती घेऊन विकत घ्यावा. पण क्रॅक करून वापरण्याचं समर्थन कोणी करू नये. आपलं गाणं दुसऱ्याच्या चॅनलवर दिसलं की आपण कॉपीराइटची तक्रार टाकतो, टाकायलाच हवी. ज्या माणसाने तो ईक्यू लिहिला, त्याचाही हक्क नेमका तोच आहे, आणि नोव्हा फुकट मिळत असताना तो मोडायला गरिबीचंही कारण उरत नाही.