‘आफ्रिकन’ या एका शब्दाचा आळस

मलिक अंबराने १६१० साली खडकी येथे वसविलेल्या या शहराला आफ्रिकेची ओळख नव्याने करून द्यावी लागू नये. त्याने बांधलेल्या नहरीचे अवशेष शहरात आहेत आणि त्याची कबर खुलताबादला आहे. तरीही आपल्या लेखनात अंबर येतो तो ‘आफ्रिकन गुलाम’ म्हणून, आणि तौलनिक अभ्यासात वोले सोयिंका येतात ते ‘आफ्रिकन नाटककार’ म्हणून. अंबर हबशचा, म्हणजे खंडाच्या पूर्वेकडील आजच्या इथिओपियाचा. सोयिंका योरुबा, म्हणजे पश्चिमेकडील नैर्ऋत्य नायजेरियाचे. अंबराला हिंदी महासागराच्या व्यापाराने दख्खनेत आणले, तर असंख्य योरुबांना अटलांटिकच्या व्यापाराने ब्राझील व क्यूबात नेले. या दोन इतिहासांना जोडणारा दुवा आपल्या लेखनात एकच दिसतो : कातडीचा रंग. जी समीक्षा तेवढ्यावर थांबते, तिला तौलनिक म्हणावयाचे काय?

हा केवळ माहितीचा दोष नाही; त्याने वाचनच बिघडते. सोयिंकांचे ‘डेथ अँड द किंग्ज हॉर्समन’ (१९७५) हे नाटक ओयो येथे घडलेल्या प्रसंगावर आधारलेले आहे. वसाहतवादी अधिकारी आणि स्थानिक रूढी यांचा ‘संस्कृतिसंघर्ष’ म्हणून ते वाचू नये, असे नाटककाराने प्रास्ताविक टिपणातच बजावले आहे. तरी ‘आफ्रिकन’ ही चौकट हाती असली की आपणास नेमका तोच संघर्ष दिसतो. सोयिंकांची शोकात्मिकेची संकल्पना उभी आहे ती लोहाची देवता ओगुन हिच्यावर : देव आणि माणूस यांच्यामधील दरी स्वतःचे विघटन पत्करून प्रथम ओलांडणारी ही देवता. मृत, जिवंत आणि अजून न जन्मलेले यांच्यातील संक्रमणाची योरुबा जाणीव वगळली, तर नाटकात उरतो फक्त एक उद्धट इंग्रज अधिकारी. ॲरिस्टॉटलसाठी ग्रीक देवकथा शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याने ओगुनसाठी चार पाने वाचू नयेत, हा कोणता न्याय?

मात्र येथे देशीवाद्यांनी समाधान मानण्याचे कारण नाही. ‘योरुबा’ हे एखादे अस्पर्शित, आदिम देशीपण आहे, असे मानणे ही त्याच आळसाची दुसरी बाजू आहे. ओयोच्या लोकांसाठी शेजारचे हौसाभाषक वापरीत असलेले हे नाव एग्बा, इजेबू, एकिती, इजेशा या सर्वांना लागू झाले ते प्रामुख्याने १९व्या शतकात. या घडणीत मोठा वाटा होता सॅम्युएल अजायी क्राउथर यांचा. १८२१ साली ते गुलाम म्हणून पकडले गेले, १८२२ मध्ये ब्रिटिश नौदलाने सोडविल्यावर सिएरा लिओनला पोहोचले, आणि १८६४ साली बिशप झाले. योरुबाचा शब्दसंग्रह आणि बायबलचा अनुवाद यांतून लिखित भाषेचे जे रूप स्थिरावले, त्याच्या पायावरच डी. ओ. फागुन्वा यांची १९३८ ची योरुबा कादंबरी उभी राहिली. तिच्यात इफा परंपरेचे कथाविश्व आहे, तसेच मिशनरी शाळेतील प्रवचनाचा सूरही आहे. हे मिश्रण तिचे वैगुण्य नव्हे, तीच तिची देशीयता होय. मोल्सवर्थच्या कोशाचा (१८३१) आधार घेत आलेल्या प्रमाण मराठीच्या अभ्यासकांना हे समजण्यास अडचण नसावी. देशी हे सापडत नाही, ते घडवावे लागते.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. आफ्रिकी लेखकच स्वतःला आफ्रिकन म्हणवितात, मग आपणच का अडून बसावे? आक्षेप खरा आहे. पण तो अर्धाच आहे. वसाहतवादाविरुद्ध उभारलेले ऐक्याचे नाव ही राजकीय कमाई असते. ती वाचनाची सवलत नव्हे. ‘दलित’ हा शब्दही असाच लढून कमावलेला आहे. १९७२ मध्ये दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून नाव घेतले, परंतु त्यामुळे मराठी दलित कविता हार्लेममधील कवितेची प्रतिकृती ठरली नाही. मराठवाड्यातील गावकुसाबाहेरची बोली न ऐकता कोणी दलित आत्मकथनांवर ‘भारतीय’ एवढाच शिक्का मारला, तर आपण ते खपवून घेऊ काय? मग फागुन्वा, टुटुओला, सोयिंका यांच्या बाबतीत आपण तेच का करतो?

नावाचे मोल या शहराला शिकवावे लागत नाही. विद्यापीठाच्या नावासाठी येथे दीर्घ लढा झाला, माणसे मेली, आणि १९९४ साली नामविस्तार झाला. २०२३ मध्ये शहराचेही नाव बदलले. एका नावात किती इतिहास कोंबलेला असतो आणि किती झाकला जातो, हे आपण पाहिले आहे. म्हणून मागणी साधी आहे. येथून पुढे ‘आफ्रिकन साहित्य’ असा विषय घेणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने प्रथम सांगावे : कोणती भाषा, कोणता प्रदेश, कोणती परंपरा? कलाकृती इंग्रजीत असली, तरी तिच्या इंग्रजीखाली कोणती भाषा बोलते आहे? एवढे सांगता येत नसेल, तर त्याने आफ्रिका वाचलेली नाही. इंग्रजीतून आलेला एक शिक्का तेवढा वाचला आहे. तो शिक्का एके काळी आपल्यावरही मारला जात होता, याचे विस्मरण तरी निदान या शहरातील समीक्षेला होऊ नये.