सोबत लागलेले व्यसन सोबतच सोडा

माढ्याच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर एक दृश्य रोज दिसते. तारखेला आलेला पक्षकार बंडलातून विडी काढतो, पहिली शेजाऱ्याला देतो, दुसरी स्वतः पेटवतो. काडी एकच. विडी-सिगारेटची पहिली ओळख बहुतेकांना अशीच होते, कुणा मित्राच्या हातून. मीही वकिलीची पहिली पंधरा वर्षे सिगारेट ओढली. दोनदा एकट्याने सोडली आणि दोन्ही वेळा मित्राने 'एकच घे' म्हणताच पुन्हा धरली. तिसऱ्या वेळी त्याच मित्राला बरोबर घेतले, तेव्हा ती सुटली.

यात माझा कसलाही पराक्रम नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ साली इंग्लंडमधील पन्नाशी ओलांडलेल्या जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवरा धूम्रपान करीतच राहिला, तेव्हा शंभरातल्या आठच बायकांना ते सोडता आले. दोघांनी एकाच वेळी सोडले, तेव्हा हेच प्रमाण पन्नासवर गेले. पुरुषांचेही जवळपास तसेच.

आपल्याकडे काय चालते? नवऱ्याची विडी आणि बायकोची मिश्री. ती म्हणते, 'विडी सोडा.' तो म्हणतो, 'आधी तुझी मिश्री सोड.' भांडण होते आणि तंबाखू दोघांकडेही राहते. हे भांडण कराराने मिटले पाहिजे. दोघांनी एकच तारीख ठरवावी. आदल्या रात्री बंडल, काडेपेटी आणि मिश्रीची डबी घराबाहेर काढावी. तलफ येते तेव्हा ती काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ दुसऱ्याने बोलत बसावे, पाणी द्यावे, चार पावले चालवून आणावे. एकाचा पाय घसरला तर दुसऱ्याने टोमणा न मारता दुसऱ्याच दिवशी त्याला पुन्हा उभे करावे.

२००३ चा कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेले नियम यांनी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. दंड दोनशे रुपयांपर्यंत आहे. परंतु कायदा विडी कुठे ओढू नये एवढेच सांगतो. ओढणाऱ्याच्या शेजारी बसून त्याची तलफ निभावून नेणे हे कायद्याचे काम नाही. ते माणसाचे काम आहे. तथागतांनी आनंदाला सांगितले होते की, कल्याणमित्र लाभणे हा निम्मा नव्हे, तर संपूर्ण मार्गच होय. मग विडी पुढे करणारा आपला मित्र कसा?

रोज वीस रुपयांचा धूर म्हणजे वर्षाला ७,३०० रुपये. मजुराच्या घरात एवढ्या पैशांत लेकरांची वह्या-पुस्तके येतात. सोडल्यावर वर्षभरात धूम्रपानाने वाढलेला हृदयविकाराचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. जोडीला कुणीच नसेल, तर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. तो तंबाखूच्या पाकिटांवरच छापलेला असतो.

बांधवांनो, १४ ऑक्टोबरला आपण नवा संकल्प करतो. यंदा तो एकट्याने करू नका. ज्याने तुम्हाला पहिली विडी दिली किंवा ज्याला तुम्ही दिली, त्याचा हात धरा आणि दोघे मिळून सोडा.