सोडलेले अस्त्र मागे घेता येते का?

‘‘आजोबा, ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्बच ना?’’ मे २०२५ मध्ये टीव्हीवर भारत-पाकिस्तान संघर्षाच्या बातम्या चालू असताना नातवाने मला विचारले. असे ठामपणे सांगणारी मोठी माणसेही मला भेटतात. अग्नी, पिनाक, सुदर्शन ही आजच्या शस्त्रांची नावे ऐकून तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याला पुरावा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात युद्धयंत्रांची यादी आहे. तीत शतघ्नी, त्रिशूळ, चक्र सापडतात, ब्रह्मास्त्र नाही. हातात धरून चालवायचे ते शस्त्र आणि मंत्राने भारून सोडायचे ते अस्त्र. अस्त्र ही कविकल्पनाच.

मात्र या कल्पनेतले शहाणपण अस्सल आहे. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्र सोडतो. उत्तरादाखल अर्जुनही तेच सोडतो. तेव्हा नारद आणि व्यास मध्ये उभे राहतात. कारण हे अस्त्र जेथे दुसऱ्या अस्त्राने अडवले जाते, तेथे बारा वर्षे पाऊस पडत नाही. अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही. बापाकडे हट्ट धरून सोडण्याची विद्या त्याने मिळवली होती. आवरण्यासाठी लागणारा संयम त्याच्यापाशी नव्हता. अस्त्र अखेर पडते ते उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर. युद्ध मोठ्यांचे, घाव न जन्मलेल्याला!

आता ९ मार्च २०२२ आठवा. त्या दिवशी भारताचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. सुदैवाने त्यात स्फोटके नव्हती, जीवितहानी झाली नाही. चौकशीअंती हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. ब्रह्मोस हे नाव ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या नद्यांवरून आले आहे. पुराणातले अस्त्र निदान अर्जुनाला तरी मागे घेता आले. अण्वस्त्र घेऊन निघालेले क्षेपणास्त्र परत बोलावण्याचा मंत्र मात्र कोणापाशीच नाही.

म्हणून आवरायचे ते सोडण्यापूर्वीच. अण्वस्त्राचा पहिला वापर न करण्याचे धोरण भारताने २००३ मध्ये अधिकृतपणे जाहीर केले. १९९२ पासून दोन्ही देश दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देत आले आहेत. या केंद्रांवर हल्ला करायचा नाही असा करार आहे. धागा बारीक आहे, पण तुटता कामा नये.

नातवाला मी एवढेच म्हणालो, ‘‘बाळ, अर्जुन मोठा ठरला तो अस्त्र सोडले म्हणून नव्हे, आवरले म्हणून.’’